वीस जुलै आणि सुगंधाचं खरं वय

सुगंधाला मी दोन वर्षांनी मोठी केली. पेनाने. एका मिनिटात.

आज वीस जुलै. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे आज तिचा वाढदिवस.
ती आज जन्मली नव्हती. ही तारीख मी दिलेली आहे.

जे मास्तरकीत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. १९९१ साली कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या त्या गावात जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. मोहफुलं पडत होती तेव्हा झाला, धान कापणीत झाली, असं माय सांगायची. पहिलीत नाव घालताना तारीख आम्हीच टाकायचो.

बाकीच्या शाळा सगळ्या पोरांना एकच तारीख देऊन मोकळ्या व्हायच्या. मला भारी हौस. मी दिनविशेषाचं पुस्तक उघडून बसायचे. पोरांना निदान नावाजलेला दिवस तरी मिळावा म्हणून.

सुगंधाची माय म्हणाली, रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू होता, तलाव भरून सांडत होता. म्हणजे जुलै. मी वीस जुलै दिली.

ती तिसरीत असताना मी त्या दिवशी फळ्यावर लिहिलं: १९६९, माणूस चंद्रावर उतरला. १९७६, यान मंगळावर उतरलं.
पोट्ट्यांनी लगेच विचारलं, तोच माणूस चंद्रावरून तसाच मंगळावर गेला का?

मी भिंतीतली खुंटी दाखवली. म्हटलं, तारीख म्हणजे ही खुंटी. खुंटी एकच. एका वर्षी तिला पिशवी टांगली, दुसऱ्या वर्षी छत्री. मंगळावर तर माणूस गेलाच नाही, नुसतं यान गेलं.

सुगंधा उभी राहिली. वर्गात सगळ्यात ठेंगणी.
"बाई, मी बी वीस जुलैचीच आहो ना? मंग माह्यं नाव काऊन नाई?"

मी तिसरी ओळ लिहिली: १९८५, सुगंधाचा जन्म. वर्ग हसला. ती मात्र दिवसभर फळा पुसू देईना.

ती ओळ खोटी होती. वर्ष खोटं होतं.
नाव घालायच्या वेळी माय मला स्पष्ट म्हणाली होती, "आता चवथं लागंल जी तिले." मी सहावं लावलं.

ही गोष्ट मी लोकांना आजवर अशी सांगत आले की, माय मजुरीला जायची, पोरगी एकटी घरी राहायची, मला दया आली.
दया आली होती. पण पटही एका पोराने कमी पडत होता. दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली असती आणि चारही वर्ग माझ्या एकटीच्या गळ्यात पडले असते.
म्हणून सुगंधा.

२००३ च्या दिवाळीनंतर ती माझ्या दारात आली. पुढे आमच्याच शाळेला सातवीपर्यंत वर्ग मिळाले, तिथेच सातवी करून घरी बसली होती, बापाबरोबर तलावावर जायची. लग्न ठरलं होतं. रडली नाही. ओट्यावर बसून सरळ बोलली.

"बाई, माह्यं खरं वय तुमालेच मालूम आहे. बाबाले सांगा ना."

मी गेले. अगदी तावातावाने गेले. बाप अंगणात जाळं दुरुस्त करून राहिला होता. पोलीस पाटीलही तिथेच बसलेले. मी कायदा सांगितला, तब्येतीचं सांगितलं, अजून कोवळी आहे म्हटलं.

बाप चांगला माणूस. त्याने भांडण केलं नाही. आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून टीसी, शाळा सोडल्याचा दाखला, आणली आणि माझ्या हातात दिली.

"अठरा झाले ना बाई. तुमचीच सही आहे."

मायकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. बाईंनी लिहिलं ते खोटं कसं म्हणायचं, हा तिचा धर्म.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. हे वर्ष मी खोटं लिहिलं आहे, पोरगी सोळाची आहे. एवढंच. पाटलांच्या देखत.

मी बोलले नाही.
रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं म्हटल्यावर चौकशी लागली असती. सस्पेंड झाले असते. घराचं लोन होतं, मुलगा नागपूरला शिकत होता.
सुगंधा दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी चहा प्यायले आणि घरी आले.

लग्नाला गेले. स्टीलचा डबा दिला आहेर म्हणून. तिने पाया पडून नमस्कार केला.

पुढच्या पावसाळ्यात माहेरी आली आणि बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हतं. नाल्याला पूर, गाडी अलीकडेच थांबलेली. खाटेवरून पलीकडे नेईपर्यंत सगळं संपलं. बाळही गेलं.

दवाखान्यात वय विचारलं. बापाने तीच पिशवी काढली. कागदावर एकोणीस लिहिलं गेलं. गावच्या लोकांसोबत मीही गेले होते, तिथेच चार पावलांवर उभी होते. तेव्हाही गप्प.

तेराव्याला माय माझ्या जवळ येऊन बसली. "तुमी शाळेत घेतली म्हून सात वर्ग शिकली जी माही पोट्टी," म्हणाली. उपकार मानत होती माझे. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

कमेंटमध्ये 'मॅडम, तुमची चूक नाही' असं कृपा करून लिहू नका. मी चूक केली नाही, मी दोनदा ठरवून गप्प बसले.

आणि आज का लिहिते आहे? धीर आला म्हणून नाही. रिटायर होऊन वर्षं झाली, पेन्शन सुरू आहे, आता कुणी माझं काही करू शकत नाही, म्हणून.

माय-बाप दोघंही आता नाहीत. तिचं खरं वय सांगणारी मी एकटीच उरले आहे.

ती गेली तेव्हा सतरा वर्षांची होती. सतरा.

सुगंधा, तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. तरी वाहते.