धुरकऱ्याची ओटी

नागपुरात शाल देऊन सत्कार करतात, तेव्हा देणाऱ्यालाही घाम फुटलेला असतो आणि घेणाऱ्यालाही. माझ्याकडे अशा शालींची चवड आहे. एक हिवाळ्यात कूलरवर घालते, एक इस्त्रीच्या टेबलावर, बाकीच्या कपाटात डांबरगोळ्यांचा वास घेत पडून आहेत. सगळ्या माझ्या कमाईच्या. तरुणपणी सक्करदऱ्यातल्या एका महिला मंडळात मी शिवणकाम शिकवायची. शेजारच्या खोलीत टायपिंगचे सर होते. त्यांना दर महिन्याला पगार. मला वर्षातून एकदा शाल, नारळ, ब्लाउजपीस आणि भाषणात 'आमच्या ताई'. कुणी छेडलंच तर मीच वरून सांगायची, "सरांना घर चालवायचं असतं ना!" माझं घर जसं काही वाऱ्यावर चालत होतं. नारळ पिशवीत मावायचा, तरी तो हातात धरून मी तलावाकडच्या लांबच्या रस्त्याने घरी यायची, म्हणजे चार माणसं बघतील. नारळ मिरवणारी ती बाई आता रस्त्यात भेटली तर मी पदर ओढून पुढे निघून जाईन.

पण भेटतेच ती. गेल्या हिवाळ्यातही भेटली.

माझी नात धुरकरी आहे. शंकरपटात बैलजोडीची हलकी गाडी हाकतो, तो धुरकरी. सरळ पट्टी, एक जोडी, समोर घड्याळ. कमी वेळात पोचला तो जिंकला. कामठीच्या पुढे तिच्या मामाचं गाव आहे, तिथे ती सुट्ट्यांमध्ये हे शिकली. आता चाबूक मारू देत नाहीत, तुतारीची अणकुचीदार काठी टोचू देत नाहीत. बैल आवाजावर पळतात. आणि आवाज तिने माझा घेतला, असं माझी सून म्हणते. कौतुकाने म्हणत नाही.

कोराडीकडे वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक चालवणारा एक ठेकेदार आहे. त्याला शौकाची जोडी आहे. तिच्यासाठी त्याने दोन धुरकरी धरले होते. खुल्या गटात एक पुरुष, चार जिल्ह्यांत ओळखीचा. महिला गटात माझी नात. बैल तेच, पट्टी तीच. त्याला जिंको की हरो, ठरलेले पैसे, गाडीचं पेट्रोल, वर बक्षिसात वाटा. हिला जेवणाचा डबा आणि पट संपला की ओटी. सरावाला पहाटे कामठीला शेअर ऑटोने जायची, ते भाडं आमचं.

माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, तिला सांगून टाकलं होतं: "या पटात हाती काही पडलं तर ठीक. नाही तर मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसायचं. मी बोलून ठेवलं आहे."

म्हणून तिने ठेकेदाराला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "तू तर आमची लेक आहेस वं. लेकीले का कोणी रोजी देते?"

ती फोन ठेवून माझ्यापाशी आली. आणि मी काय बोलावं? "अगं, मान तर देतो ना तुला." बोलले आणि जिभेवर जुन्या शालीची चव आली. पोरगी उद्याच्या ऑटोचे सुटे पैसे मोजायला बसली. मला फार थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं गेली, गुडघे गेले, दात गेले, आणि ही बाई अजून माझ्या तोंडात बसलेलीच.

पटाच्या दिवशी मी म्हटलं, मी पण येते. सून म्हणाली, धुळीत कुठे येता. धूळ होतीच. माइकवाला बेंबीच्या देठापासून ओरडत होता, पोरं झाडांवर चढली होती, आणि मी एका प्लास्टिकच्या खुर्चीत, तोंडाला पदर लावून. सकाळी तो धुरकरी धावला, जिंकला. दुपारी माझी नात. जोडी सुटली तेव्हा तिचा आवाज माइकच्या वर ऐकू आला. पुढचं मला धुळीत दिसलंच नाही. माइकवाल्याने वेळ सांगितली तेव्हा कळलं, सकाळच्या धावेपेक्षाही ती पापणीभर लवकर पोचली होती.

मग मांडवात कार्यक्रम. धुरकऱ्याला पाकीट. नातीला ठेकेदाराच्या बायकोने हळदकुंकू लावलं. पोरीच्या अंगात ट्रॅक पँट, ओटी घ्यायला पदर कुठला? कुणाची तरी ओढणी आणून तिच्या खांद्यावर टाकली. गहू, नारळ, ब्लाउजपीस. टाळ्या.

मी उठले. कुणी हात दिला, तो घेतला.

"ठेकेदारभाऊ, याची काहून नाही भरली?"

"कोणाची, आजी?"

"तुमच्या धुरकऱ्याची. त्यानंबी तेच बैल हाकले ना?"

मांडव हसला. ठेकेदार म्हणाला, "आजी, तो माणूस होय."

"मंग हे पोरगी का बैल होय?"

आता जास्तच हसले. मी ताटातला दुसरा नारळ उचलला, एक गुलाबी ब्लाउजपीस उचलला. मी विधवा, बाईची ओटी भरायला मला कुणी पुढे येऊ देत नाही. पण पुरुषाची भरू नये असं कुठे कुणी सांगितलेलंच नाही. तो धुरकरीही खट्याळ निघाला. खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी पसरून समोर उभा राहिला. "भरा, आजी."

मी भरली. कपाळाला कुंकूही लावलं. म्हटलं, "झाला तुमचा मान. आता तुमचं पाकीट पोरीले द्या."

तो हसता हसता थांबला. "मजाक चांगली आहे, आजी. पण मले घर चालवा लागते."

तेच वाक्य. माझंच. मी खुर्ची शोधायला लागले. तेवढ्यात नात हळूच म्हणाली, "मलेबी चालवा लागते, भाऊ."

त्याने दुपट्ट्यातल्या नारळाकडे पाहिलं. मग ठेकेदाराला म्हणाला, "मालक, वेळ तर पोरीचाच चांगला होता."

चारचौघांत आता काय करणार? ठेकेदाराने खिशात हात घातला आणि पुरुषाला दिले त्याच्या निम्मे तिच्या हातावर ठेवले. तिने घेतले. आणि म्हणाली, "पुढच्या पटाले पूर्ण घेईन, काका."

"पाहू," ठेकेदार म्हणाला.

निघताना तो धुरकरी मागून धावत आला आणि नारळ माझ्या पिशवीत टाकून गेला. "घरी नेला तर बायको विचारन, कोणं देल्ला म्हणून." ब्लाउजपीस मात्र परत केला नाही.

पुढच्या पटाला फोन आलाच नाही. नात आता मोबाइलच्या दुकानात बसते, कव्हरं आणि काचा विकते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, मग संध्याकाळी आम्ही दोघी एकाच घमेल्यात गरम पाणी घेऊन बसतो. त्या निम्म्या पैशांतून तिने घरात एक पैसा दिला नाही. मामाच्या जोडीच्या ढेपेला, म्हणजे पेंडीला दिला. मामाचे बैल म्हातारे आहेत. माझ्यासारखेच, उठायला वेळ घेतात.

परवा तिने मला फोनवर एक फोटो दाखवला. ठेकेदाराचीच जोडी. बाजूला नवी पोरगी, हिच्याहून लहान, नऊवारी नेसलेली, पदरात ओटी. नारळ असा धरलेला की तो फोटोत नीट यावा. आणि चेहऱ्यावर काय आनंद!

मी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. हसायचं होतं, जमलं नाही.

"आजी, हिचा नंबर आहे माझ्यापाशी. करू फोन, रोजी माग म्हणून सांगाले?"

"कर. पण ऐकणार नाही ती. मी ऐकलं नसतं. वरून तुलाच बोलली असती."

तिने पाय पुसले, फोन घेतला आणि गॅलरीत गेली. पाणी गार होत होतं, तरी मी पाय काढले नाहीत. बाहेरून तिचा आवाज येत होता. बैल हाकायचा नव्हे, दुसराच, खालच्या पट्टीतला. "हॅलो, ताई... नाही, अभिनंदनच कराचं होतं. आणि एक विचाराचं होतं, तुमच्याजवळ वेळ आहे का?"