तुटलेल्या पेशी आणि धारोष्ण दूध

"निखिल, अँटिबायोटिकचा पुढचा डोस थांबव," मी फोनवर म्हणाले. "आणि प्लेटलेट्सही चढवू नकोस. मी वर येतेय."

समोर मायक्रोस्कोपखाली सहा वर्षांच्या ईश्वरीचं रक्त होतं. तांबड्या पेशी गोल असाव्यात. इथं तिकोनी तुकडे होते, शिंगं फुटलेले तुकडे होते. कशावर तरी घासून चिरल्या गेल्या तरच पेशी अशा दिसतात. मी इतकी वर्षं पॅथॉलॉजिस्ट आहे, पण अशी स्लाइड बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच पाहिली. खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं मला पोरीची काळजी वाटलीच नाही, स्लाइडचं अप्रूप वाटलं. आमच्या धंद्यातली ही वाईट खोड.

पोरगी कागलजवळच्या गावातली. आठवड्यापूर्वी जुलाब झाले, त्यात रक्त. जुलाब थांबले तसे घरचे निश्चिंत झाले, आणि मग ती पांढरीफटक पडली. लघवी जवळजवळ बंद. इन्फेक्शन रक्तात गेलंय, असं आमचा बालरोगतज्ज्ञ डॉ. निखिल याला वाटलं. त्यात त्याची चूक नव्हती. पण तुटक्या पेशी, घटलेल्या प्लेटलेट्स आणि बंद पडत चाललेल्या किडन्या, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की आम्ही त्याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, थोडक्यात एचयूएस म्हणतो. आतड्यातला एका जातीचा ई-कोलाय जंतू शिगा नावाचं टॉक्सिन, म्हणजे विष, सोडतो. जंतू आतड्यातच राहतो, विष मात्र रक्तातून हिंडतं. काही अँटिबायोटिक्सनी जंतू फुटून आणखी विष बाहेर पडण्याची भीती असते. म्हणून हात आखडता घ्यायचा.

"पण किडनीच का, मॅडम?" निखिलनं विचारलं.

मला हा प्रश्न फार आवडतो. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींवर जीबी-थ्री नावाचा रेणू असतो. विष नेमकं त्याला चिकटतं आणि आत शिरतं. त्याची दुसरी करामत याहून भारी. आपल्या रक्तात जंतूंना मारणारी प्रथिनं असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. ती आपल्याच पेशींवर तुटून पडू नयेत म्हणून फॅक्टर एच नावाचं प्रथिन आपलं कोण ते ओळखतं आणि तिथं त्यांना आवरतं. प्रयोगशाळेत असं दिसलंय, की हे विष त्या फॅक्टर एचलाच धरून बसतं. तालमीतल्या वस्तादालाच कुणी बोलण्यात गुंतवून ठेवलं, तर पोरं घालतील तेवढा गोंधळ थोडाच. रक्तवाहिन्यांच्या पेशी सुजतात, आत बारीक गुठळ्या होतात, आणि त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी चिरतात. बाहेरून प्लेटलेट्स दिल्या तर गुठळ्यांना आणखी माल मिळू शकतो.

दुपारी डायलिसिस सुरू झालं. किडन्या परत येतील की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

जंतू आला कुठून, हे मला कळायलाच हवं होतं. ईश्वरीच्या आजोबांना, दत्तूआप्पांना, मी बाकावर बसवून एकेक विचारलं. विहिरीचं पाणी? पाणीपुरी? चायनीजची गाडी? अर्धवट शिजलेलं मटण? सगळ्याला एकच उत्तर, "न्हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले, तर नर्स दारातच आप्पांची वाट अडवून उभी. त्यांच्या हातात फेसाळ दुधाचा पेला. शहरातल्या दूधकट्ट्यावर गवळी म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोरच धार काढतात, तिथं जाऊन म्हशीच्या सडाखाली पेला धरून आणलेलं. धारोष्ण.

"अंगात ताकद न्हाय पोरीच्या," आप्पा मला म्हणाले. "घरी रोज सकाळी गोठ्यात माझ्यासंगं येतीया आन् एक पेला पितीया."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी दुधाचं विचारलंच नव्हतं. गुरांच्या शेणात हा जंतू असू शकतो, कासेवरून तो दुधात उतरतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण मी कोल्हापूरची. पाहुणा आला की आम्ही त्याला हौसेनं कट्ट्यावर नेतो. माझ्या यादीत पाणीपुरी होती, चायनीज होतं, आणि जे आम्ही छाती फुगवून सांगतो ते नव्हतं.

आप्पांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पेला नर्सच्या हातात दिला.

"म्हंजी म्याच पाजलं व्हय?"

"असू शकतं, आप्पा. खात्री नाही."

"म्या जन्मभर पितोय. मला का न्हाय झालं?"

प्रत्येक धारेत हा जंतू नसतो, लहान मुलांना धोका जास्त असतो, एवढं मी सांगितलं. पुरतं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि तेही मी सांगून टाकलं.

शौचाच्या तपासणीत विष सापडलं. घरच्या दुधाच्या नमुन्यात काहीच निघालं नाही, त्यामुळं म्हैस संशयाचा फायदा घेऊन सुटली. अकराव्या दिवशी ईश्वरीला चांगली लघवी झाली. तिच्या आईनं ती बाटली उजेडात धरून मला दाखवली आणि मग तिला रडू आवरेना. त्यानंतर डायलिसिस लागलं नाही. तपासण्या मात्र अजून काही वर्षं करायच्या आहेत.

डिस्चार्जच्या दिवशी आप्पा लॅबमध्ये आले. म्हणाले, आता घरात उकळल्याबिगर दूध कुणाच्या तोंडाला लागत नाही. मग जरा घुटमळले.

"बाई, तुमी नातवंडास्नी कट्ट्यावर न्हेता काय?"

ईश्वरी ॲडमिट झाली त्याच्या आदल्याच रविवारी मी नातवाला नेलं होतं. माझ्या हातानं पेला त्याच्या तोंडाला लावला होता. मी आप्पांना तसंच सांगितलं.

आता कुठल्याही पेशंटची हिस्टरी घेताना मी आधी विचारते, तुमच्याकडं कौतुकानं काय खाऊपिऊ घालतात. बाकीची यादी नंतर.