हबीब सरांचे पाचवे कलम

हबीब सरांची आणि माझी पहिली गाठ ढाणकीच्या शाळेत, नववीच्या वर्गात पडली. नागरिकशास्त्राचा तास म्हणजे गणिताची उरलेली उदाहरणे उरकण्याची सोय, असा तेव्हा सर्वांचाच समज होता. सर मात्र आपला तास कुणाला देत नसत. महायुद्धात पोळलेल्या देशांनी एकत्र बसून लिहिलेली शांततेची सनद ते आमच्याकडून मोठ्याने वाचून घेत. लहानमोठी सगळी राष्ट्रे समान, हे वाक्य आले की ते स्वतः पुन्हा एकदा म्हणून दाखवत. आम्ही मागच्या बाकावर हसायचो.

सरांचा स्वभाव सांगायचा तर एकच प्रसंग पुरे. माझी पत्नी नांदेडला दवाखान्यात होती. सर आठ दिवस रोज सकाळच्या एसटीने डबा घेऊन येत. माझ्या सख्ख्या भावाला एकदाही सवड झाली नाही.

निवृत्तीनंतर सरांनी गावात शांतता समिती काढली. सणाच्या तोंडावर ठाण्यात होते ती बैठक आपण जाणतोच: चहा, बिस्किटे, फोटो आणि घरी. सरांना दर महिन्याला बसणारी समिती हवी होती. सर्व मोहल्ल्यांतून एकवीस सभासद, प्रत्येकाला एक मत. पण गावातली वजनदार माणसे फिरकेनात. पंक्चर काढणाऱ्याचे आणि आपले मत सारखे, हे त्यांच्या पचनी पडेना. तेव्हा सरांनी समितीच्या नियमावलीत स्वतःच्या हाताने पाचवे कलम लिहिले. या वजनदार माणसांतल्या ठरावीक पाच जणांपैकी एकानेही नाही म्हटले तर ठराव पडेल, आणि हे कलम काढायचे तर पाचही जणांच्या सह्या लागतील. व्यापाऱ्यांतर्फे त्या पाचांत मी होतो.

"सर, हे समानतेत कसं बसते?" मी विचारले होते.

"नाही बसत," सर म्हणाले. "पन जगाच्या त्या संघटनेतही जिंकलेल्या देशाईनं हेच मांगून घेतलतं. थे बाहेर रायले असते त संघटनाच झाली नसती. आपल्याले बी हेच करा लागते, सुधाकर."

दोन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीआधी गावात ताण होता. सरांनी ठराव मांडला की, त्या दिवशी सगळ्या सभासदांनी चौकात हातात हात घालून उभे राहायचे. वीस हात वर गेले. एकाने नकार दिला. तो नकार माझा होता. चौकात माझे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि गिऱ्हाईक दोन्हीकडचे आहे. मला कुणाचीच नाराजी नको होती. याहून मोठे कारण माझ्यापाशी नव्हते, आजही नाही.

ठराव पडला म्हणून कोणी आले नाही. सर एकटेच उभे राहिले. दगड दोन्हीकडून आले. सरांच्या कपाळाला सहा टाके पडले, त्यांच्या धाकट्या भावाचे मोटारसायकलचे गॅरेज जळाले. मी हे सारे दुकानाच्या माडीवरून पाहिले.

दवाखान्यात गेलो तेव्हा सर म्हणाले, "मले तुह्यावर राग नाही. कलम त म्याच लिवलं न." त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते.

आता सरांचा अमृतमहोत्सव आहे. गौरव समितीत तेच पाच जण आहोत. काय हवे, असे सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "शाल नोका देऊ. पाचवं कलम काढा." समितीने ही सूचना आदरपूर्वक नोंदवून घेतली आणि शालीची मागणी नागपूरला पाठवली. या गौरव अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे सरांच्या गोड आठवणी मागितल्या होत्या. माझ्याजवळ आहेत त्या अशा आहेत.

कलम रद्द करण्याच्या कागदावर मी सही केली आहे. बाकी चौघे म्हणतात, कार्यक्रम होऊ द्या, मग पाहू. सरांना हल्ली काठीशिवाय चालवत नाही. सणाचे दिवस जवळ आले आहेत आणि यंदाही आपण चौकात उभे राहणार, असे ते सांगतात. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ते किती दीर्घ लागेल, हे त्या चौघांना विचारावे.