आत्याबाईनं तुडवलेले कोपरे

माझ्या सासूनं माझं महिनाभराचं पीक एका सकाळी उपटून बांधावर फेकलं होतं.

आणि वरून मलाच हाक मारली, "पाय वं सूनबाई, कसं साफ केलं तुह्यं वावर!"

आज तिला जाऊन वर्ष झालं. लगेच हात जोडायचे इमोजी टाकू नका, आधी वाचा.

आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. आमच्या आंजी गावाच्या आसपास निंदणात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. अर्धा जन्म लोकांच्या वावरातलं गवत काढलं, उरलेला स्वतःच्या.

आणि मी शहाणी, चाऱ्याचं ट्रेनिंग करून आले आणि मक्याच्या ओळींमध्ये गिनी गवत पेरलं. मुद्दाम!

मका आणि गवत सोबत कापायचं, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात दाबून हवाबंद ठेवायची. उन्हाळ्यासाठी मुरघास तयार.

घरी तीन गवळाऊ गाई. नवऱ्यानं सांगूनच टाकलं होतं, "यंदा उन्हाळ्यात चारा नाई पुरला, त गाई विकू. उपाशी काऊन ठेवाच्या?"

त्यातली चांदी म्हणजे आत्याबाईचा जीव.

आता गंमत बघा. चांदीसाठी पेरलेलं गवत आत्याबाईनंच उपटलं. कारण मी तिला काही सांगितलंच नव्हतं. तिला काय कळणार, असं वाटलं मला.

मी बांधावर बसून भोकाड पसरलं.

"काऊन रडून राह्यली वं? रस्त्यानं जानारे हासत होते. म्हने, सुनेनं वावरात गवत पोसलं. मले नाई सहन झालं."

मी सगळं सांगितलं. चांदीचंही.

"अवं माय! गवत पेरलं? पेरलं तू?"

आणि तिनं पदर कमरेला खोचला.

"मंग सांगाचं नाई काय मले? ऊठ. मुळं ओली हायेत अजून."

पाऊस रिमझिम चालूच होता. ज्या हातांनी उपटलं, त्याच हातांनी तिनं एकेक ठोंब परत लावला. मी दोन ओळी करेपर्यंत तिच्या पाच. दुसऱ्या दिवशीही तेच. भाकर बांधावरच खाल्ली आम्ही.

अर्ध्याहून जास्त गवत जगलं.

मक्याचा दाणा दुधातून घट्ट व्हायला लागला, तेव्हा कापणी केली. खड्डा भरताना मधे ट्रॅक्टर फिरवून कुट्टी दाबली, पण कोपऱ्यात चाक जात नाही. मी सहज बोलून गेले, "कोपऱ्यात हवा राहिली की बुरशी येते."

झालं! बाई लुगडं खोचून खड्ड्यात. चारही कोपरे पायानं तुडवले. नवरा म्हणाला, "माय, बस कर आता."

"चांदीच्या तोंडात बुरशी गेली, त तू भरून देशीन काय?"

दीड महिन्यानं उघडलं. आंबूस-गोड वास, मस्त! चांदीनं तोंड घातलं ते टोपलं रिकामं होईपर्यंत वर काढलंच नाही. आत्याबाई बाजूला उभी राहून डोळे पुसत होती आणि मला म्हणते, "धूर गेला डोयात." चूल कुठंच नव्हती.

त्या उन्हाळ्यात गाई विकल्या नाहीत. चांदी आजही गोठ्यात आहे.

तिनं मला कधी टोमणा मारला नाही. गावात विषय निघाला की आपणहून सांगायची, "चूक माही होती, मी न इचारता उपटलं."

नव्हती गं तुझी चूक. माझी होती. हे तुझ्या तोंडावर बोलायचं राहून गेलं, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलते. शेती मला तू शिकवलीस. थँक्यू कधी म्हटलं नाही, ते आज म्हणते.

दरवर्षी कोपरे तिचेच. मागच्या वर्षीचा खड्डाही तिनंच तुडवला, आणि तो उघडायच्या आधी ती गेली. आम्ही उघडला तेव्हा मी सरळ कोपऱ्यात हात घातला.

बोटभरही बुरशी नव्हती.

परवा यंदाचा खड्डा भरला. बाया विचारत होत्या, कोपऱ्यात कोण? मी उतरले, पदर खोचून. चारही कोपरे तुडवले. पाय अजून दुखतात.

बुरशी निघाली, त रागवाले येजो, आत्याबाई.

नाई निघाली, तरी येजो.

जयभीम.