रॉक, रॉकेल आणि करीमचाचा

साठी उलटली तरी आम्ही मस्तगड मोहल्ल्यातले तिघे, म्हणजे मी, सुधाकर आणि रफिक, भेटलो, की गप्पा फिरून त्या एका रेकॉर्डवरच येतात. किस्से इतके साचलेत, की दर वेळी एखादा नवा निघतो. सुधाकर म्हणतो, त्यातले निम्मे मी रचलेत. रचले असतील! बाकीचे निम्मे ऐका.

साल चौऱ्याहत्तर, आम्ही आठवीत. रफिकचे अब्बा, करीमचाचा, लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचे. त्यांनी औरंगाबादहून सनईच्या रेकॉर्डी मागवल्या, त्या खोक्यात चुकून एक इंग्रजी आली. कव्हरवर लांब केसांचे चौघे. चाचांनी चष्मा पुसून विचारलं, "ये चारों बहनां हैं क्या?"

"अब्बा, मूछां तो देखो!"

रफिकनं पहिलं गाणं लावलं. गिटार अशी काही गुरगुरली, की चाचांनी घाईघाईनं मशीन बंद करून मागची फळी खोलली. "वायर जल गई रे!"

वायर ठणठणीत होती. जळलो होतो आम्ही! माझ्या तर अंगावर काटा आला होता. तोवर गाणं म्हणजे शांत बसून ऐकायची गोष्ट, हे मला पाठ होतं. त्या दुपारी पहिल्यांदा बसवेना. चाचा तर ती परत पाठवायला निघाले; ही रेकॉर्ड गेली तर आपलं काही खरं नाही, असंच वाटलं.

आम्ही चाचांच्या हातापाया पडलो. शेवटी ते म्हणाले, "तुम तीनों को छोड के एक भी आदमी ये गाना आखिर तक सुन लिया, तो रखतूं. नहीं तो सोमवार को वापस!"

पहिला प्रयत्न माझा. पळत घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो, "आई, रफिककडं रॉक आलंय! चल जल्दी!"

"रॉकेल आलं? अन् आत्ता सांगून राह्यलास?"

आईनं डबा उचलला. तिच्यामागं गल्लीतल्या पाच बायका, पाच डबे. चाचांच्या दुकानापुढं बराबर रांग लागली. गाणं निम्म्यावर आलं तेव्हा पुढची बाई म्हणाली, "गाणं ऱ्हाऊ द्या भाऊ, आधी माप घाला!" खरं कळल्यावर आई चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग सुधाकरचे वडील. शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून आमची सगळी भिस्त त्यांच्यावर. सर वही-पेन घेऊन बसले. पण दर ओळीला सुई उचलायला लावायचे. "थांबा! कर्ता सापडला, क्रियापद न्हाई." दुसऱ्या कडव्यापर्यंत सर घामाघूम झाले आणि वही मिटून म्हणाले, "मंग याह्यला नापासच करावं लागंल!"

शेवटी रविवार आला. घनसावंगीला लग्न होतं, चाचांबरोबर आम्हीही गेल्तो. अक्षता पडल्या, पंगत बसली, चाचा जेवायला गेले. रफिकनं आमच्याकडं पाहिलं आणि सनई काढून ती रेकॉर्ड लावली.

गिटार सुरू झाली आणि वाढप्याच्या हातून भाताचं घमेलंच निसटलं. नवरीचे वडील धावत आले. "चाचा, मशीन बिघडली तुमची!" चाचा अर्ध्या जेवणावरून उठले, वरणानं भरलेल्या हातानंच सुईकडं झेपावले.

तेवढ्यात त्यांचं मनगट कुणीतरी धरलं. नवरदेवाचे आजोबा. कर्ण्याच्या पुढ्यातच खुर्ची टाकून बसले होते. सकाळपासून अख्खं वऱ्हाड त्यांच्या कानाशी ओरडत होतं, आणि ते नुसती मान डोलवत होते.

"ऱ्हाऊ द्या!" म्हातारा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती वर्सांनी मला कायतरी ऐकू येऊन राह्यलंय!"

 चाचांनी वरणाचा हात रुमालाला पुसला आणि आवाज आणखी वाढवला.