नऊ वर्षे निरंक

आमच्या भासऱ्यांचा गावात सत्कार झाला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिली मी होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कोणी सांगितलं तर मला जास्त लागेल.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, गोपाल मारोतराव इढोळे. दिल्लीत देशाच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयात ते बावीस वर्षं अधिकारी होते. गेल्या वर्षी, नोकरी अजून बरीच बाकी असताना, ते राजीनामा देऊन वऱ्हाडातल्या मालेगावजवळच्या आमच्या गावी परत आले. आम्ही घरच्यांनी सांगितलं, आईच्या सेवेसाठी आले. गावाला तेवढं पुरलं. शाळेच्या पटांगणात मंडप पडला, सरपंचांनी खुर्चीच्या मोहावर लांबलचक भाषण ठोकलं, आणि शाल पांघरलेले भासरे तासभर मान खाली घालून बसून राहिले. बायका म्हणाल्या, पाहा बरं, एवढा मोठा साहेब पण किती साधा. ती मान साधेपणाने खाली गेलेली नव्हती. मला तेव्हा निम्मंच माहीत होतं, पण टाळ्या आवरायला निम्मंही पुष्कळ होतं.

आमचा मळा नाल्याकाठी आहे. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी असा रोजचा माल मालेगावच्या बाजारात जातो. भासरे लहानपणी मेथीच्या जुड्या बांधता बांधता पुस्तक वाचत आणि असे शिकून साहेब झाले, ही गोष्ट गावात लेकरांना सांगतात. माझे यजमान चंपत यांचं म्हणणं, जुड्या मी बांधल्या, पुस्तक त्यानं वाचलं. दोन्ही खरं असावं.

ऑफिसबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत. "बरं चालू हाय" एवढंच. बाकीचं गावाने आपल्या मनाने जोडलं. सीमेवर काही झालं की लोक आमच्या ओट्यावर येऊन, "गोपालभाऊचा फोन आलता काय?" असं विचारत, आणि सासूबाई न आलेल्या फोनचाही थोडा मान घेत. मी तरी कुठे कमी होते? मी अंगणवाडी सेविका. पर्यवेक्षिका रजिस्टरवरून रागावल्या की माझे भासरे दिल्लीला असतात हे मी कुठून तरी बोलण्यात आणायचेच.

आमच्याकडे सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं असलं तर मी सासूबाईंकडे बघून बोलायचं, त्यांनीही सासूबाईंकडेच बघून उत्तर द्यायचं. वीस वर्षांत आम्ही दोघं जे काही बोललो ते सगळं सासूबाईंच्या, सीताबाईंच्या तोंडाकडे बघून बोललो. त्यामुळे हा माणूस मला जवळून माहीत होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या आवाजावरून मात्र पुष्कळ कळायचं.

मारिका आमच्या घरी आली ती भाजीमळ्यांच्या पाण्याचा अभ्यास करायला. हॉलंडची उंच पोरगी, सव्वीस-सत्तावीसची. मालेगावच्या लॉजवर राहायची, ते सासूबाईंना पटेना, म्हणून चार महिने आमच्याकडेच राहिली. पहिल्या आठवड्यात ठेच्याने रडली, दुसऱ्या आठवड्यात मागून घेऊ लागली. माझ्याबरोबर निंदायला बसायची आणि माझ्याआधी थकायची, पण उठायची नाही. मराठी शिकली ती आमचीच, वऱ्हाडी आणि पुस्तकी मिळून काहीतरी.

दिवाळीला भासरे रजेवर आले होते. सासूबाईंना पोटची लेक नाही. सासूबाईंनी मारिकाला लुगडं नेसवलं, हातात ताट दिलं आणि दोन्ही मुलांना पाटावर बसवलं. तिने टिळा लावला, ओवाळलं, ताटातला दिवा विझू नये म्हणून श्वास रोखून धरला. भासऱ्यांनी ओवाळणीत साडी घातली. ती परत निघाली त्या दिवशी सासूबाईंनी तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. म्हणाल्या, "आता तू या घरची लेक. भाऊबीज चुकवू नको."

तिने चुकवली नाही. दर वर्षी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल यायचा. ती तिकडे स्वयंपाकघरात ताट फिरवायची, इकडे दोघं भाऊ पाटावर बसायचे. काही वर्षांनी ती तिच्या देशाच्या परराष्ट्र खात्यात लागली आणि दिल्लीच्या दूतावासात आली. मग ती भासऱ्यांच्या क्वार्टरवर जाऊन ओवाळू लागली आणि त्याचा व्हिडिओ मला पाठवू लागली. त्यांची मुलगी रुचिका हॉलंडला शिकायला गेली, त्यासाठी शिफारसपत्र मारिकाने दिलं, आणि पहिलं वर्ष रुचिका तिच्या आईच्या घरीच राहिली. आम्हाला यात नवल वाटलं नाही. आत्याने भाचीचं केलं, त्यात काय एवढं?

आता कागदाची गोष्ट. भासऱ्यांच्या कार्यालयात दर वर्षी एक विवरण भरून द्यावं लागे. परदेशी माणसांशी ओळख, भेटीगाठी, देणंघेणं असेल तर लिहा. ओळख असणं हा गुन्हा नव्हता, लपवणं हा होता. त्या रकान्यात भासऱ्यांनी नऊ वर्षं एकच शब्द लिहिला, निरंक, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. तो शब्द मला चांगला माहीत आहे. महिन्याच्या अहवालात मीही तो लिहिते. तपासायला कोणी येणार नाही याची खात्री असली की हात तो आपोआप लिहून मोकळा होतो.

इथे मात्र तपासायला आले. मार्च महिन्यात एक दिवस दोन अधिकारी आमच्या ओट्यावर हजर. मराठी बोलणारे, गोड वागणारे, पाणी दिलं तर धन्यवाद म्हणणारे. गोपालराव इढोळे यांच्या घरची थोडी माहिती हवी, एवढंच म्हणाले. आम्हाला वाटलं, बढती आहे. पासपोर्टच्या वेळी नाही का पोलीस येऊन विचारतात, तसंच.

सासूबाईंनी चहा ठेवायला लावला आणि भिंतीवरच्या भाऊबीजेच्या फोटोकडे बोट दाखवून त्या सुरू झाल्या. "हे फोटोतली मायी लेक. हॉलंडची हाय. गोपालवर लय जीव तिचा. दिल्लीत त्याच्याच घरी येते दर दिवाळीले. रुचिकाले तिनंच नेलं तिकडे."

अधिकाऱ्याने विचारलं, "गोपालराव तिच्याशी स्वतः बोलतात का?"

"बोलत नाई तं काय? भाऊ हाय तो तिचा."

मीही मागे राहिले नाही. मोबाइलमधले दिल्लीच्या दिवाळ्यांचे व्हिडिओ एकेक करून दाखवले. त्यांनी माझ्या स्क्रीनचे फोटो घेतले, तेव्हा नीट यावेत म्हणून मी उजेड वाढवून दिला. हे आठवलं की अजून मला घरातल्या घरात तोंड लपवावंसं वाटतं.

मे महिन्यात भासरे आले ते दोन बॅगा घेऊन. जाऊबाई माहेरी नागपूरला उतरल्या होत्या. चौथ्या दिवशी सासूबाईंनी पानात भाकर वाढता वाढता विचारलं, "काहून सोडली रे नोकरी?"

"तुयाच तोंडानं गेली, माय," भासरे म्हणाले. "ते दोघं बढतीसाठी नवते आले. माया मागं चौकशी होती. तू त्याइले सारं सांगून बसली."

सासूबाईंच्या हातात भाकर तशीच राहिली. मी चुलीपाशी होते. मोबाइल मी दाखवला हे बोलायला माझं तोंड उघडलं नाही. मग भासरे सासूबाईंकडे बघत माझ्यासाठी बोलले, "अन् त्या मारिकाचा नंबर बंद करून टाका." मी त्याच दुपारी ब्लॉक केला. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर जो सत्कार झाला तो मी वर सांगितलाच. सासूबाई त्याला गेल्या नाहीत. आल्यागेल्याशी दिवसभर बोलणारी ती बाई, कोणी ओट्यावर चढलं की उठून आत जाऊ लागली. कोणी मुलाचं विचारलं तर म्हणायची, "मले काई समजत नाई बाप्पा, दुसऱ्या कोनाले इचारा." जेवण अर्ध्यावर आलं. गावाला वाटलं, वय झालं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी वांगी तोडत होते आणि दोन सऱ्या सोडून भासरे तोडत होते. चंपत माल घेऊन मालेगावला गेलेले. बघून बोलायला सासूबाई तिथे नव्हत्या. मी वांग्याच्या झाडाकडे बघून बोलले, आणि अंगात राग होता म्हणून बोलता आलं.

"आई कालपासून जेवल्या नाहीत. लेकाची नोकरी आपल्यानं गेली, हेच डोक्यात घेऊन बसल्या आहेत. व्हिडिओ मी दाखवले होते. बोल लावायचा तर मला लावा."

मग ते बोलू लागले, तेही झाडाकडेच बघून.

"मायच्यानं नाई गेली. तुमच्यानंबी नाई. मले जानेवारीतच लेखी इचारलं होतं, या बाईशी तुमचा काय संबंध. म्या लिवून देलं, हे बाई माया अडानी आईच्या ओळखीची हाय, आई कोनालेबी लेक म्हनते, माया तिच्याशी काई संबंध नाई. ते खरं हाय का, हे पाहाले ते आले होते. खोटं निघालं, तं राजीनामा लिवून घेतला."

"अन् खरं लिहिलं असतं तर?"

"ताकीद भेटली असती. लय झालं तं बदली."

मी विचारलं, मग का नाही लिहिलं? ते म्हणाले, पहिल्या वर्षी खरंच वाटलं, जिनं ओवाळलं तिला परकी कसं लिहू. मग ती दूतावासात आली, आणि आता लिहिलं तर मागचं का नाही लिहिलं, हे विचारतील, याची भीती वाटली. मग रुचिका तिकडे गेली. तेव्हा तर बहीण वगैरे काही मनात नव्हतं, नुसती लपवाछपवी होती.

"तिच्या दूतावासालेबी इचारना झाली," ते म्हणाले. "माया जबाब तिले वाचून दाखवला. तिले परत बोलावून घेतलं तिच्या देशानं. जाताना एक मेसेज केला तिनं. दादा, हे तू लिहिलं? म्या उत्तर नाई देलं."

मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. एवढा शिकलेला माणूस, आणि नोकरी जाताना ठपका ठेवायला त्याला आईच सापडली. मी म्हटलं, "भाऊबीजेच्या आत त्यांना सांगा. नाहीतर मी सांगते." वीस वर्षांत भासऱ्यांना मी दिलेली ती पहिली धमकी.

त्यांनी भाऊबीजेच्याच दिवशी सांगितलं, दुपारी, जेवणं झाल्यावर. आदल्या दिवसापर्यंत धीर झाला नसावा. सासूबाईंनी त्या वर्षी पाट काढलाच नव्हता. भासरे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं बोलले. जबाबातली वाक्यंसुद्धा जशीच्या तशी सांगितली, अडाणी हा शब्दही गाळला नाही. "नोकरी मायाच करनीनं गेली, माय. म्या तुयावर ढकललं."

मला वाटलं, आता तरी या बाईच्या छातीवरचा दगड उतरेल. त्या म्हणाल्या, "नोकरीचं जाऊ दे. मले अडानी लिवलं, तेबी जाऊ दे, मी हावोच. पन ती पोरगी तुले टिळा लावत होती तवा तू पाटावर बसला होता ना? अन् मंग लिवून देलं, का मायी कोनी नाई?"

चंपत दाराशी उभे होते, ते बाहेर बघू लागले.

"मले पोटची लेक नवती," सासूबाई म्हणाल्या. "तिची ओटी म्या भरली होती. आता तिच्या मायले मी काय तोंड दाखवू?" मग माझ्याकडे वळून, "उज्ज्वला, लाव तिले फोन."

नंबर मी ब्लॉकमधून काढला. ते करतानाही, हा बंद कोणी केला होता, हे त्यांनी विचारू नये असंच मनात चाललं होतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. फोन भासऱ्यांनी माझ्या हातातून घेतला. सासूबाईंना तो नीट धरता येत नाही, म्हणून मारिका हॉलंडला होती तेव्हाही दर दिवाळीला तेच धरत.

तिकडे सकाळ होती. मारिका कुठल्याशा खिडकीपाशी होती, केस कापलेले. पडद्यावर आधी भासऱ्यांचाच चेहरा गेला असणार.

"मारिका," भासरे म्हणाले, "म्या जे लिवलं..."

ती थांबली. ऐकते आहे असं वाटलं. पण पुढचं वाक्य भासऱ्यांना जमेना. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "फोन आईकडे करा. आणि हात थोडा खाली घ्या, आई दिसत नाहीये."

भासऱ्यांनी हात खाली घेतला. मायलेकी पाऊण तास बोलल्या, मधूनमधून रडल्या. तेवढा वेळ ते सासूबाईंसमोर फोन धरून वाकून उभे होते, आणि मारिकाने त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही.