दादाच्या नाकावर टिच्चून

सोरायसिस एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मी त्या बाईंना सांगायला हवं होतं. साताऱ्याहून वडिलांच्या श्राद्धासाठी आल्या होत्या. माझ्या तळहातांवरच्या भेगा आणि पांढरे पापुद्रे दिसताच त्यांनी तीर्थासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मी तोंड उघडायच्या आत दादाने माझ्या हातातली पळी काढून घेतली.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. दशाश्वमेध घाटावर भिक्षुकी आम्ही दोघं मिळून करायचो. त्या दिवसापासून त्याने मला यजमानांचे फोन घ्यायला आणि त्यांना स्टेशनवरून आणायला ठेवलं. "लोकांना किळस येते त्याची, मी काय करू?" हे तो वहिनींसमोर म्हणाला, माझ्या बायकोसमोर म्हणाला. मी ते त्याला माफ केलेलं नाही.

दोन वर्षांनी माझ्या डॉक्टरीणबाईंनी एका नव्या इंजेक्शनच्या चाचणीबद्दल विचारलं. काहींना औषध मिळणार, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली सुई. कुणाला काय, ते त्यांनाही कळणार नव्हतं. संसर्गाचा धोका होता, आधी क्षयाची तपासणी होती. जाडजूड फॉर्म घेऊन मी दुर्गाघाटला घरी आलो. तो दादाच्या हाती लागला.

"उंदीर व्हायचंय का तुला?" तो गरजला. "उद्या काही झालं तर घाटावर लोक काय म्हणतील?"

"तुला माझी फिकीर नाही, लोकांची आहे."

"लोकांवरच पोट आहे आपलं! सही करायची नाही. मी मोठा आहे या घरात."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दवाखान्यात हजर. फॉर्मचं एक पानही धड वाचलेलं नव्हतं.

"घर में सब राजी हैं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी त्यांना हिंदीतच ठणकावलं की भाऊ नको म्हणतोय, म्हणून तर करतोय. त्याच्या नाकावर टिच्चून.

त्यांनी कागद उचलून परत माझ्या हातात दिले. "फिर आज नहीं. पढ़कर आइए."

मला संताप आला. घरात एक शहाणा होताच, आता ही दुसरी. घाटाघाटाने पायी परतलो, भोसले घाटाच्या पायऱ्यांवर बसून दोघांनाही मनसोक्त शिव्या दिल्या.

मग चार दिवस बायकोने तो फॉर्म मला मोठ्याने वाचून दाखवला. केव्हाही, कारण न देता सोडता येईल. चाचणी संपल्यावर औषध मिळत राहीलच असं नाही. तिथे ती थांबली.

"अहो, दादांना घटकाभर बाजूला ठेवा. हात बरे झाले नाहीत तर चालेल तुम्हाला?"

जेवताना वरणभात कालवला की मीठ भेगांत शिरून झोंबायचं, ती चमचा पुढे करायची आणि मी तो भिरकावायचो. दादाशी त्याचा काही संबंध नव्हता. बरे झाले नाहीत तरी एकदा करून पाहिलं असं वाटेल, हे मला दोन दिवसांनी कळलं. मग जाऊन सही केली.

सुया घेतल्या. एकदा ताप आला, तेव्हा दादा जिन्यात उभा राहून "मी सांगितलं होतं" म्हणाला. वर आला नाही. हळूहळू तळहात बरेच भरले. औषधाने की आपोआप, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. पुन्हा फुटतीलही.

हात पाहून दादा म्हणाला, "उद्या ये घाटावर. पुण्याची मोठी मंडळी आहेत."

"येणार नाही."

"अजून तेच धरून बसलायस?"

"हो."

आता मी घरी मुलांना संस्कृत शिकवतो. जिना आमचा एकच आहे. दादा समोर आला तर मी भिंतीकडे तोंड करून त्याला वाट देतो. परवा वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, भावाभावांत इतकं नसावं."

"नसावं," मी म्हणालो, आणि दार लावून घेतलं.